ऐंशी ओळी

मार्चमधल्या एका मंगळवारी, जेवायच्या सुट्टीत, बेव्हचा फोन आला.

"नोरीन, एक पत्ता चिकटत नाहीये गं."

"चिकटत नाही म्हणजे?"

"म्हणजे मी टाकते, सेव्ह करते, परत उघडते, तर जागा कोरी. तीनदा टाकला. बाई लाइनवर ताटकळलीय. घर बदललंय तिने, आणि तिला धास्ती, की आपलं पत्र जुन्या पत्त्यावर जाईल आणि चुकामूक होईल."

बेव्ह सेव्हन लेक्स नावाच्या नोंदणी संस्थेत फोन घेते. जन्मल्या जन्मल्या दत्तक गेलेली मुलं आणि ज्यांना ती देऊन टाकावी लागली त्या आया, असे दोघेही आपापली नोंद तिथे करतात. दोन्हीकडचे तपशील जुळले की दोघांना पत्र जातं. एकानेच नोंद केली असेल तर त्याने वाट पाहायची, बस. संस्थेचा डेटाबेस सांभाळायचं कंत्राट आमच्या नॉर्थ पियर कंपनीकडे आहे, आणि नॉर्थ पियरमध्ये डेटाबेस म्हणजे मी. सव्वीस वर्षं झाली. डुलुथच्या त्या ऑफिसात माझ्याइतकं जुनं फक्त कॉफीचं मशीन आहे, आणि त्याची तरी अधूनमधून सफाई होते.

"क्रमांक सांग," मी म्हटलं.

"चार चार एक सात."

मी नोंदींचा तक्ता उघडला. ४४१६ होता. ४४१८ होता. ४४१७ नव्हता.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेसचा. फुकट मिळतो, जगभरच्या माणसांनी मिळून बांधलाय, आणि त्याचा एक गुण मला माझ्या दोन्ही नवऱ्यांपेक्षा जास्त आवडत आलाय: तो खोटं बोलत नाही. बेव्हने तीनदा पत्ता टाकला तेव्हा त्याने तीनदा उत्तर दिलं होतं, शून्य ओळी बदलल्या. ते उत्तर बेव्हला दाखवायची तसदी आम्ही घेतली नव्हती. काहीही झालं तरी आम्ही तिच्या स्क्रीनवर हिरवी बरोबरची खूण दाखवत होतो.

आता मधला एखादा क्रमांक गळणं ही आमच्या धंद्यात रोजची बाब आहे. यंत्र आधी क्रमांक देतं, मग नोंद होते. नोंद फसली तर क्रमांक वाया जातो, फाडून टाकलेल्या टोकनासारखा. नवीन आलेलं प्रत्येक पोर घाबरून विचारतं, मधले नंबर कुठे गेले? आणि मी आजवर तीसेक जणांना तोंडपाठ केल्यासारखं सांगत आले, फटींकडे बघू नका, फट म्हणजे काही हरवलंय असं नाही. त्या मंगळवारपर्यंत मला हे वाक्य फार शहाणपणाचं वाटायचं.

पण वाया गेलेलं टोकन कुणाच्या हातात नसतं. हे होतं.

"बेव्ह, हा क्रमांक तिला कुणी दिला?"

"आपणच. पत्र आहे तिच्याकडे, दोन हजार चौदाचं. दर वाढदिवसाला फोन करते ती, नऊ फेब्रुवारीला. मी क्रमांक टाकते, स्क्रीन म्हणते जुळणी नाही, मी म्हणते, अजून नाही हं, धीर धरा. अकरा वाढदिवस झाले. मला तिचा आवाज पाठ झालाय."

"नाव काय तिचं?"

"नाव कुठे विचारायचं असतं फोनवर? फक्त क्रमांक. गुप्ततेचा नियम आहे तो, तुला माहितीये."

"बरं, एक कर. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव टाक. असा क्रमांक आपल्याकडे नाहीच."

तिने टाकला. मला तिची बोटं ऐकू आली.

"जुळणी नाही," बेव्ह म्हणाली. "नोरीन, हे तेच म्हणतंय. नसलेल्या माणसालाही तेच म्हणतंय."

कालचं बटाटा-खिम्याचं हॉटडिश माझ्यासमोर डब्यात होतं. मी झाकण लावलं ते त्या दिवशी परत उघडलं नाही.

पाठवलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत आम्ही ठेवतो. त्यात ४४१७ सापडला. मार्लिस ट्वेट, शाळेची बस चालवते, जन्म ९ फेब्रुवारी १९६४, एका लहानशा गावच्या हॉस्पिटलात. पन्नासाव्या वाढदिवशी नोंदणी केली होती. आमच्या यंत्राने तिला लिहिलं होतं, आभार, तुमची नोंद झाली, हा तुमचा क्रमांक. नोंद झालीच नव्हती. मग मी तक्त्यात तीच जन्मतारीख शोधली. ३९०२, लोइस आमडाल, ९ फेब्रुवारी १९६४, तेच हॉस्पिटल, तीही मुलगी. तिची नोंद २०१३च्या उन्हाळ्यातली, आणि आईशी लगेच जुळलेली. आईच्या नोंदीत, शेरा लिहायच्या मोकळ्या जागेत, एक ओळ होती: "जुळ्या आहेत. दोघींची वाट पाहते आहे."

ती ओळ यंत्र वाचत नाही. माणसंही वाचत नव्हती.

आता मला कारण हवं होतं, आणि ते सापडायला वीस मिनिटं लागली. फार पूर्वी लोक घाईघाईने सबमिटचं बटण दोनदा दाबायचे आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी व्हायच्या. त्यावर कुणीतरी उपाय केला होता. जन्मतारीख तीच, हॉस्पिटल तेच आणि मुलगा किंवा मुलगी तेच असेल, तर तो एकच माणूस समजायचा. आणि दुसरी नोंद आली तर? पोस्टग्रेस बिचारा ओरडतो, की अशी नोंद आधीच आहे. तर तो ओरडला की काही करू नकोस, असं लिहिलं होतं. गप्प बस. कुणाला सांगू नकोस. वर आभाराचं पत्र पाठव.

म्हणजे या दीडशहाण्यांच्या हिशेबी एका हॉस्पिटलात एका दिवसात एकच मुलगी जन्माला येते. आणि आली दुसरी, तर तिची नोंद केराच्या टोपलीत. चूक सगळ्यांकडून होते, माझ्याकडूनही ढीगभर झाल्यात. पण चुकीचं तोंड दाबून वर हसरं पत्र पाठवायचं, याची किळस येते. मी खुर्चीतूनच शिव्या दिल्या, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या पोराने कानातले इयरफोन काढून माझ्याकडे पाहिलं.

कुठली ओळ कुणी लिहिली याची वही आमच्याकडे असतेच. नाव निघालं प्रुइटचं. हुशार, मिठ्ठास, दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून सिअ‍ॅटलला गेलेला. मी त्याला तिथल्या तिथे निरोप लिहिला, तुझ्या त्या 'काही करू नकोस'ने काय केलंय ते बघ, लाज असेल तर उत्तर दे. आणि रागाच्या भरात स्क्रीनवर खाली सरकले.

आमच्यात एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं, अशी पद्धत आहे. दुसऱ्याने वाचून हिरवा अंगठा दिल्याशिवाय काही पुढे जात नाही. पद्धत चांगली आहे. प्रुइटने ऐंशी ओळी पाठवल्या होत्या, दोन वाजून अकरा मिनिटं पाच सेकंदांनी. अंगठा आला होता दोन वाजून अकरा मिनिटं पंचेचाळीस सेकंदांनी. चाळीस सेकंद. अंगठ्याखाली नाव होतं, नोरीन हाल्व्हर्सन.

त्या दुपारी मी काय करत होते, कुठली घाई होती, काहीच आठवत नाही. काहीतरी आठवलं असतं तर बरं झालं असतं. ज्याला वाचता येत नाही तो अंगठा देतो. मला वाचता येत होतं, त्याच कामाचा पगार मी घेत होते.

प्रुइटचं उत्तर आलं. "भयंकर वाटतंय. पण तू पाहिलं होतंस ना तेव्हा?"

टॉड ऑस्टगार्ड आमचा साहेब. माणूस वाईट नाही, पण त्याच्या जिभेला हाड नाही आणि पाठीलाही. मी त्याला सांगितलं तसं त्याने आधी दार लावलं.

"किती जण आहेत असे?"

"मेलच्या प्रती आणि तक्ता ताडून पाहिला. बटण दोनदा दाबलेले वगळले, तर एकोणीस. बहुतेक जुळी आहेत. काही नुसतीच एका दिवशी जन्मलेली."

"बापरे. बरं, सध्या कुणी कशाला हात लावायचा नाही. डेटा गोठवायचा. अहवाल होईपर्यंत एक अक्षर बदलायचं नाही, वाचायला पाहिजे तेवढं वाच."

"टॉड, एकोणीस ओळी परत घालायच्यात. माझं दहा मिनिटांचं काम आहे."

"आणि वकिलांनी विचारलं तर? गुरुवारी बैठक घेऊ. रीतसर."

गुरुवारची बैठक म्हणजे आमच्या धंद्यातला एक सोहळाच असतो. काहीतरी मोडलं की सगळ्यांनी एका खोलीत बसायचं आणि काय झालं ते क्रमाने मांडायचं. कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणाकडे बोट दाखवायचं नाही. हेतू चांगला होता. घाबरलेला माणूस लपवाछपवी करतो, म्हणून त्याला घाबरवू नका. मी स्वतः तरुणपणी या पद्धतीसाठी भांडलेय. पण नंतर नंतर तिचं पांघरूण झालं. सगळं आपोआप घडतं, वीज पडावी तसं. माणूस कुठेच नसतो.

टेबलावर कुणाच्या तरी बायकोने केलेल्या लिंबाच्या वड्या होत्या, वर पिठीसाखर. भिंतीवरच्या पडद्यावर डेनहोम नावाची वकीलबाई होती. टॉडने सुरुवातीचं वाक्य वाचलं, आपण इथे शिकायला जमलो आहोत वगैरे, आणि पांढऱ्या फळ्यावर पहिला रकाना आखला. काय चांगलं झालं.

"मेलच्या प्रती जपलेल्या होत्या," एकजण म्हणाला.

"तक्रार आल्यापासून दोन तासांत कारण सापडलं," दुसरा म्हणाला. टॉडने तेही लिहिलं. तोंडात वडी धरून लिहिलं, साखर शर्टावर सांडली.

"अकरा वर्षं आणि दोन तास," मी म्हटलं.

"नोरीन, प्लीज."

मग कारणाचा रकाना आला. टॉडने लिहिलं, एक अट अपेक्षेपेक्षा जास्त कडक होती.

"अटीला काय अपेक्षा असते?" मी म्हटलं. "प्रुइटने लिहिली, मी न वाचता अंगठा दिला. चाळीस सेकंदांत. लिही तिथे. नोरीनने वाचलं नाही, असं लिही."

"आपण नावं लिहीत नाही."

"माझं मी सांगतेय."

"तुझ्या एकटीच्या सांगण्याने उद्या बाकीच्यांवर दडपण येईल," टॉड म्हणाला, आणि खोलीतल्या माना हलल्या. "हा दोष पद्धतीचा आहे, नोरीन. तू कशाला हुतात्मा होतेस?"

पडद्यावरून डेनहोमबाई म्हणाल्या, "नाव आलं तर जबाबदारी आली. मी नाव न घालण्याच्या मताची आहे. पत्रांचा मसुदा चार आठवड्यांत देते. तोवर त्या एकोणीस जणांशी कुणीही बोलू नये. अगदी दिलगिरीसुद्धा नको."

एवढी माणसं, सगळी शिकलेली, घरी लेकरंबाळं असलेली, मिठाची गुळणी धरून बसली होती. मला त्यांची शिसारी आली. आणि खरं सांगायचं तर त्या शिसारीच्या तळाशी एक कोपरा असा होता, की ज्याला हायसं वाटलं होतं. नाव येणार नाही म्हणून. तो कोपरा मला सगळ्यात घाण वाटला.

बाहेर आले तर बेव्हचे चार फोन येऊन गेलेले. मी जिन्यात उभी राहून तिला लावला.

"कधी घालताय त्या नोंदी?" तिने सरळ विचारलं.

"चार आठवडे तरी नाही."

"नोरीन, ऐक. मी त्या जुळ्यांची फाइल काढली. आई आहे ना ती, व्हर्ना सुंडीन. मी ओळखते तिला. दर नाताळला कार्ड येतं तिचं. गेल्या आठवड्यात लोइसचं पत्र आलंय, माझ्या टेबलावरच होतं. व्हर्नाला झटका आला. एक बाजू गेली. वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, थोडे आठवडे. थोडे म्हणजे दोन का तीन, ते सांगत नाहीत."

"तू सांग ना मग मार्लिसला. उचल फोन."

"काय म्हणून सांगू? नोंदीतच नाही ती! माझ्या हातात काय, तर सिस्टिमने जुळणी केली तर मी दोघींना फोन करायचा. नाही केली तर तोंडातून शब्द काढला तरी गुन्हा. आयांचं नाव असंतसं फोडता येत नाही. आणि ते बरोबरच आहे गं, नाहीतर कुणीही उठेल आणि विचारेल." तिचा आवाज फाटला. "अकरा वर्षं मी त्या बाईला धीर धरा म्हणतेय. मी!"

"जुळणी कधी चालते?"

"दर तासाला."

मी घड्याळ पाहिलं. एक वाजून पस्तीस.

मी जागेवर येऊन बसले. गोठवणूक मोडली तर काय होतं ते मला ठाऊक होतं, मीच तो नियम लिहिला होता. माझ्या हातचा पहिलाच नियम असेल जो मी मोडणार होते. एक ओळ लिहिली. क्रमांक ४४१७, मार्लिस ट्वेट, तिच्या जुन्या पत्रातले सगळे तपशील जसेच्या तसे, बेव्हने टिपलेला नवा पत्ता, नवा फोन. ती आचरट अट आधी काढून टाकली. शेवटी एक शब्द लिहावा लागतो, तो लिहिला की मागे फिरता येत नाही. तो लिहायच्या आधी मी ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. बोट ठेवून, अक्षर न् अक्षर, पहिलीतल्या पोरासारखी.

एक ओळ घातली, पोस्टग्रेस म्हणाला.

बाकीच्या अठरांचंही करणार होते, पण तेवढ्यात टॉडला सूचना गेली. कुणी काही बदललं की त्याला जाते, तेही मीच बसवलेलं. तो धावत आला आणि त्याने माझा प्रवेश बंद केला. त्या अठरा जणांना चार आठवडे लागलेच. त्यातल्या कुणाकुणाच्या आया होत्या आणि कुणाच्या गेल्या, ते मला आजही माहीत नाही.

"काय केलंस तू हे?" तो म्हणाला. त्याच्या शर्टावर अजून साखर होती.

"वाचलं," मी म्हटलं.

दोन वाजता जुळणी झाली. दोन वाजून चार मिनिटांनी बेव्हने दोघी बहिणींना फोन केले.

मला घरी बसवलं. अहवाल आला तो एप्रिलच्या मध्यात, एकोणीस जणांच्या पत्रांसोबत त्याचा दोन पानी सारांश. बेव्हने मला तिची प्रत दाखवली. अट अपेक्षेपेक्षा कडक होती. संदेश पुरेसा स्पष्ट नव्हता. तपासणीची प्रक्रिया अधिक सक्षम करता येईल. प्रुइट नाही, टॉड नाही, त्या दुपारची नोरीन नाही. साऱ्या दोन पानांत नाव फक्त एकदा आलं होतं: नोरीन हाल्व्हर्सन यांनी गोठवणुकीच्या काळात परवानगीशिवाय एक नोंद घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा घरचा फोन वाजला.

"नोरीन हाल्व्हर्सन का? मी मार्लिस ट्वेट. नंबर पुस्तकातून काढला, रागावू नका. पत्रात एकच नाव आहे, म्हणून तुम्हाला फोन केला. आभार मानायला."

ती बोलत राहिली. आवाज खर्जातला, चाळीस पोरांना बसमध्ये गप्प बसवणारा.

"नऊ दिवस मिळाले आम्हाला. तुम्ही ती ओळ घातली नसती तर तेही नाही. मी रोज बस सोडून जायचे. तिला बोलता येत नव्हतं, पण माझं मनगट धरायची. सोडायचीच नाही, नर्सला सोडवावं लागायचं. दुसऱ्या शनिवारी गेली. लोइस आणि मी दोन्ही बाजूंना होतो. लोइसचं हसणं माझ्यासारखं आहे, तुम्हाला सांगते, अंगावर काटा येतो. लोक म्हणायचे, ती थुंकीची डीएनए चाचणी कर, पाकिटात घालून पाठव. मी म्हणायचे, माझं नाव आहे ना नोंदवलेलं, क्रमांक आहे माझ्याकडे. कशाला परक्या माणसाला थुंकी पाठवू?"

"मिसेस ट्वेट," मी म्हटलं.

"मार्लिस म्हणा."

"आभार मानू नका."

"का बरं? सगळ्यांनी हात झटकले, तुम्ही एकटीने..."

"ती चूक मी होऊ दिली होती." मी उभी होते ती भिंतीला टेकले. "लिहिणाऱ्याने ऐंशी ओळी लिहिल्या आणि मला वाचायला दिल्या. ते माझं काम होतं. मी वाचल्या नाहीत. चाळीस सेकंदांत बरोबर आहे म्हणून सांगून टाकलं. वाचल्या असत्या तर मला दिसलं असतं. मला जुळ्या बहिणी आहेत, मार्लिस. मला दिसलंच असतं."

पलीकडे कुठेतरी बसचं इंजिन चालू होतं.

"लोइस एक सांगत होती," ती शेवटी म्हणाली. आवाज आता सपाट झाला होता. "आई दरवर्षी आमच्या वाढदिवसाला केक करायची. दोन नावांचा. आणि म्हणायची, धाकटी माझ्यावर रागावलीय. म्हणून नाव नोंदवत नाही. बरोबरच आहे तिचं, म्हणायची. अकरा वर्षं तिला वाटलं की मी रागावलेय. मी त्याच दिवशी फोन करत होते. त्याच दिवशी. आणि मी आले तेव्हा तिला विचारता येत नव्हतं, आणि मी सांगितलं ते तिला कळलं की नाही, ते मला कळलं नाही."

माफी मागायची तर कुठल्या तोंडाने. तरी मागितली. तिने ती घेतली नाही, परतही केली नाही.

"त्या ऐंशी ओळी आहेत का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"आहेत. मी छापून घेतल्या होत्या."

"वाचा."

"मार्लिस, त्यात तुम्हाला काही समजणार नाही, ती यंत्राची..."

"तुम्हाला समजतं ना? वाचा मग. मोठ्याने. पहिल्यापासून."

मी कागद आणले, चष्मा लावला आणि स्वयंपाकघरात उभी राहून वाचायला लागले. ओळ, तिचा अर्थ, पुढची ओळ. अर्ज आला. क्रमांक घे. नाव घे. तारीख तपास. ती मध्ये काही बोलली नाही. त्रेपन्नाव्या ओळीवर मी आले. जन्मतारीख तीच, हॉस्पिटल तेच, मुलगी तीच, अशी नोंद आधीच असेल तर काही करू नकोस.

"परत," ती म्हणाली.

मी परत वाचली.

"ही मी," ती म्हणाली. "पुढे वाचा."

पुढे सत्तावीस ओळी होत्या, कंस मिटणाऱ्या, पत्र पाठवणाऱ्या, आभार मानणाऱ्या. तिने एकही सोडू दिली नाही. मी शेवटचा कंस वाचला आणि कागद ओट्यावर ठेवला.

"झालं?"

"झालं."

"सहा मिनिटं," ती म्हणाली. "घड्याळ लावून बसले होते मी."

आणि तिने फोन ठेवला.